हरणटोळाची आडवी बाहुली

तुमच्यासमोर शेवटचा साप मारला गेला, तेव्हा त्याच्या डोळ्याची बाहुली उभी होती, आडवी होती की गोल?

रंग तुम्ही सांगाल. लांबी सांगाल, आणि ती दर वेळी थोडी वाढवून सांगाल. कुणी मारला, काठीने की फरशीच्या तुकड्याने, तेही सांगाल. डोळा मात्र सांगता येणार नाही. कारण आपल्याकडे साप दिसला की आधी त्याचं डोकं ठेचतात आणि मग हा कोणता साप होता यावर चर्चा करतात. ओळखीच्या बहुतेक खुणा तर डोक्यावरच असतात. आधी पुरावा नष्ट करायचा आणि मग निकाल द्यायचा, अशी ही पद्धत. तिच्यापायी एका बाईची भाजीची टोपली आणि त्या टोपलीमागची सगळी वाडी जाणार होती. ते मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहितेय.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. आम्ही भाईंदर पूर्वेला जेसल पार्कमध्ये नव्याने राहायला आलो होतो. बिल्डिंगमध्ये गिरगाव-परळच्या खोल्या सोडून आलेली आमच्यासारखी कुटुंबं होती, रत्नागिरीकडची बिऱ्हाडं होती, केबिन रोडवर दुकानं असलेले गुजराती होते. घरात ज्याची त्याची भाषा आणि जिन्यात सगळ्यांची हिंदी.

बाबा मुंबईतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. दिवसभर लग्नपत्रिकांसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि काम संपलं की पत्रकांसाठी. पाण्याचं पत्रक, स्टेशनच्या पुलाचं पत्रक, हुंड्याविरुद्धचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर आणि गणितं केली ती त्यांच्या कोऱ्या पाठीवर. पत्रकाबाबत बाबांचा एक नियम होता: पहिल्या ओळीत प्रश्न, शेवटच्या ओळीत काम, आणि मधलं सगळं खरं. "माणूस जिना चढेपर्यंत पत्रक वाचतो," ते म्हणायचे. "आपल्याकडे तर लिफ्ट आहे. म्हणजे आणखी थोडक्यात लिहायचं."

आमच्या गेटपाशी राईची एक काकी भाजी घेऊन बसायची. राई हे पश्चिमेचं, खाडीकडचं जुनं गाव. तिथे तिची वाडी होती, आणि पावसाळ्यात तिच्या मांडवांवर पडवळ, शिराळी, घोसाळी लोंबायची. पहाटे तोडून ती टोपली भरायची आणि भाजी सुकू नये म्हणून त्याच वेलींचे ताजे शेंडे पानांसकट वर गच्च दाबायची. बाकीच्या भाजीवाल्या ओलं फडकं टाकत. काकीला ते पटत नसे. "फडका टाकला का भाजीला वास मारतो," असं तिचं म्हणणं. तिच्या टोपलीत बघितलं की आधी नुसतं हिरवं रान दिसायचं, आणि भाजी खाली.

श्रावणातल्या एका सकाळी तिने ते शेंडे उचलायला टोपलीत हात घातला आणि झटकन मागे ओढला. एक शेंडा तिच्या बोटाला लटकलेला होता. तो वेल नव्हता.

पुढचं इतक्या झटपट झालं की सांगायला जास्त वेळ लागतो. काकीने हात झाडला, साप खाली पडला, वॉचमनने काठी घातली, आणि मग कुणी तरी फरशीचा तुकडा त्याच्या डोक्यावर टाकला. मी जिन्यावरून उतरेपर्यंत खाली एक लांबलचक, बारीक, पोपटी शरीर होतं आणि पुढच्या टोकाला काहीच ओळखू येत नव्हतं. काकी गेटच्या दगडावर बसली होती, बोट दुसऱ्या हातात धरून.

"मंत्रवाला बघा कुनीतरी," ती म्हणाली.

"मंत्रवाला नाही, रिक्षा," बाबा म्हणाले. आम्ही दोघं तिला घेऊन दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला. "साप कोणता होता?"

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवं तर पडवळही असतं. डोकं कसं होतं?"

"ठेचलेलं," बाबा म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काकीला रात्रभर ठेवून घेतलं, तिच्या हातावर आणि श्वासावर लक्ष ठेवलं. बोट थोडं सुजलं, ठणकलं, आणि दुसऱ्या दिवशी उतरलं. बाकी काही झालं नाही. आम्ही परतलो तोवर बिल्डिंगच्या मागे सापाला जाळून झालं होतं. मारलेल्या सापाला तांब्याचं नाणं ठेवून जाळायची कुणाच्या तरी गावची रीत होती, ती इथेही पाळली गेली. नागपंचमीला पाटावर काढलेल्या नागाला हात जोडणाऱ्या या माणसांनी जिवंत सापाला बघायची फुरसत दिली नव्हती, मेल्यावर मात्र रीतसर अग्नी दिला. आता डोकं नव्हतंच, शरीरही उरलं नाही.

आमचे सेक्रेटरी केबिन रोडवर हार्डवेअरचं दुकान चालवायचे. माणूस वाईट नव्हता. पाण्याच्या मोर्चात बाबांच्या शेजारी चालले होते. पण बिल्डिंगची काळजी त्यांना जरा जास्तच होती. गेटवर त्यांनी खडूने पाटी लिहिली: राईच्या भाजीवाल्यांनी इथे बसू नये.

"बेटा, ये वो ही साप है," ते मला म्हणाले. "झाडावर बसतो आणि सीधा टाळूवर मारतो. आदमी खतम."

"मग काकी कशी वाचली, भाई?"

"नसीब उसका. सबका नसीब वैसा थोडी होता है?"

काकी बरी होऊन आली ती रिकाम्या हाताने, जागा बघायला. मी पाटी वाचून दाखवायला लागले.

"मना वाचता येतो," ती म्हणाली. मग तिने सांगितलं तेव्हा प्रकरण किती मोठं आहे ते मला कळलं. केबिन रोडवर टोपलीएवढी प्रत्येक जागा आधीच कुणाच्या तरी हक्काची होती, आणि नवीन बाईला कुणी शिरू देत नव्हतं. हे गेट गेलं की तिची भाजी पडून राहणार. "दीर घरात बिल्डरला घेऊन बसलाय," ती म्हणाली. "भाजी खपत न्हाय तर वाडी कशाला ठेवायची, बोलतो. आता त्येला बरा झाला."

"मग सेक्रेटरींना सांग ना, तो साप तसा नव्हता म्हणून."

"कसा सांगू? आमच्याकडं पन तेच बोलतात, टाळूवर मारतो. मी मांडवाखाली जाताना डोक्याला जाड टॉवेल गुंडाळते."

म्हणजे पाटी लिहिणारा आणि पाटीमुळे उठणारी, दोघांचाही एकाच ऐकीव गोष्टीवर विश्वास होता. भांडण कुणाशी करायचं ते मला त्याच क्षणी ठरवता आलं.

बाबांनी त्या रात्रीच पत्रकाची एक ओळ जुळवली: हिरव्याला भिऊ नका. छोटी, खणखणीत, लिफ्टमध्ये वाचून होणारी. मी ती घेऊन कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मॅडमकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं. मी कला शाखेची, त्यांची विद्यार्थिनी नव्हते. त्यांनी ओळ वाचली आणि कपाटातून एक काचेची बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. आत दोरीसारखा बारीक, निळसर करडा साप वेटोळं करून होता.

"हा कोण?"

"माहीत नाही. निळा आहे."

"हाच तुमचा हिरवा. हरणटोळ." त्यांनी बरणी फिरवली. "स्पिरिटमध्ये हिरव्यातला पिवळा निघून जातो आणि निळा उरतो. जो रंग बरणीत टिकत नाही त्याच्यावर ओळख ठेवायची कशी? जिवंतपणीही यातले काही तपकिरी असतात. म्हणून त्याला लॅटिन नाव देणाऱ्याने रंग घेतला नाही, नाक घेतलं. त्या नावाचा अर्थच नाकवाला असा आहे. आता डोळा बघ."

मी काचेला कपाळ लावलं. लांब निमुळतं डोकं, पुढे टोकदार नाक, आणि डोळ्यात आडवी बाहुली, कुलपाचं भोक आडवं ठेवल्यासारखी.

मग त्यांनी दुसरी बरणी काढली. हा आखूड, जाड, डोकं तिकोनी आणि मान एकदम बारीक. बाहुली उभी, मांजरासारखी. "हा चापडा. बांबूच्या बेटांत, झुडपांत असतो. आणि जिवंतपणी हाही हिरवाच. हा चावला तर गंमत नाही. तुमची ओळ वाचून कुणी याला उचललं तर?" आणि त्यांनी लाल पेनने बाबांची ओळ आडवी कापली.

मला राग आला होता, ओळ चांगली होती म्हणून. पण ती खरी नव्हती. पत्रकवाल्यांचा हा जुना रोग आहे: रंगावरून माणसं ओळखायची. आमच्याकडे तर कागदाच्या रंगावरून पत्रक कोणत्या पक्षाचं ते न वाचताच सांगणारे लोक होते.

"हरणटोळाला विष असतं का?" मी विचारलं.

"सौम्य. विषाचे दात मागे असतात, पालीसरड्यांना पुरतं तेवढं. माणसाला सूज येते. टाळूबिळू शोधत तो हिंडत नाही. आणि एक सांगून ठेवते, पुस्तकं या सगळ्यांना एकच जात म्हणतात. मला ते पटत नाही. इकडचा आणि लांब दक्षिणेकडचा शेजारी ठेवून कुणी नीट मोजले तर एका नावाखाली दोन-तीन जाती निघतील. ते काम अजून व्हायचंय."

"मग काकीला हाच चावला, असं लिहू?"

"सुजेवरून वाटतं तसं. पण न बघता मी नाव देत नाही, आणि तूही देऊ नकोस. तो आला तिथे जा. दिवसा जा, हा दिवसाच हिंडतो. लांबून बघ. हात लावलास तर परत माझ्याकडे येऊ नकोस."

रविवारी मी आणि बाबा राईला गेलो. ओटीवर काकीचा दीर खुर्ची टाकून बसला होता. "साप शोधाया आलेत?" तो म्हणाला. "बरा झाला. सापडला तर बिल्डरला पन दाखवा, भाव वाढंल." काकीने त्याच्याकडे बघितलंही नाही. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती आमच्यापुढे वाडीत शिरली.

हिरव्या वेलींत हिरवी वेल शोधायची म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक शेंडा मला साप वाटत होता आणि एकही नव्हता. ऊन वर आलं, पाठ भिजली, काकी दोनदा म्हणाली की चला, चहा घेऊ. शेवटी दिसला तो बाबांना. आयुष्यभर खिळे जुळवलेले, त्यामुळे ओळीत दुसऱ्या टाइपाचं एकच अक्षर घुसलेलं असलं तरी त्यांना ते टोचायचं. कुंपणावरच्या मेंदीच्या झुडपाकडे त्यांनी बोट केलं. "तो शेंडा बघ. बाकी सगळ्यांना पानं फुटलीत, त्याला नाही."

तो शेंडा हवेत तिरका उभा होता आणि हळूहळू डुलत होता, वाऱ्याबरोबर डुलणाऱ्या डहाळीसारखा, फक्त वारा पडलेला होता. आम्ही लांबच थांबलो. पोटाच्या कडेने एक फिकट पिवळी रेघ शेपटीपर्यंत गेली होती. तोंड लांब, टोकदार, आणि डोळे आमच्याकडे वळलेले.

काकी माझ्या मागे होती. टॉवेल दोन्ही हातांनी धरून ती वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"येचा डोळा शेळीसारखा हाय," ती म्हणाली.

माझ्या मनात कुलपाचं भोक होतं, मॅडमच्या पुस्तकात आणखी काही असेल. पण शेळी सगळ्यांनी बघितलेली असते, आणि शेळीची बाहुली आडवीच असते. पत्रकाची ओळ तिथे, मेंदीच्या कुंपणापाशी तयार झाली.

इतक्यात दीर बघायला आला आणि नको इतका पुढे गेला. सापाने मानेपासून अंग फुगवलं. हिरव्या खवल्यांच्या मधली काळीपांढरी कातडी उघडी पडली आणि एका क्षणात तो चट्ट्यापट्ट्यांचा दुसराच कुणी वाटायला लागला. जबडा उघडला. दीर एवढ्या जोरात मागे आला की त्याची चप्पल तिथेच राहिली.

"आता घ्या भाव वाढवून," काकी म्हणाली. साप अंग सोडून पुन्हा शेंडा झाला आणि मेंदीत दिसेनासा झाला. काकीने डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला. येताना ती मांडवाखालून तशीच आली.

पत्रक बाबांनी स्वतः जुळवलं. चित्रासाठी जमिनीला लावतात त्या लिनोलियमचा तुकडा घेऊन त्यावर दोन डोकी कोरली: एक निमुळतं, आडव्या बाहुलीचं, एक तिकोनी, उभ्या बाहुलीचं. कागद स्वस्तातला पिवळा, शाई काळी एकच. रंगीत छपाई परवडणारी नव्हती आणि या कामाला तिची गरजही नव्हती. वर प्रश्न, मधे शेळी आणि मांजर. चापड्यापासून लांब राहा, हरणटोळालाही हात लावू नका, कोणताही साप चावला तरी सरळ दवाखान्यात जा. मॅडमनी प्रूफ तपासलं आणि लाल पेन उघडलंच नाही.

सोसायटीची मीटिंग गच्चीवर भरली. पत्रकं आधीच दारोदार गेली होती. मी काकीला घेऊन गेले. काही बायकांनी तिला बसायला चटई सरकवली, काहींनी आपली चटई ओढून घेतली. मी उभी राहिले आणि एकच विचारलं: त्या दिवशी सापाचं डोकं कुणी पाहिलं?

टाकीजवळून वॉचमन म्हणाला, "मैंने तो मारा, दीदी. देखा नहीं."

"म्हणजे मारणाऱ्याने पाहिलं नाही," बाबा म्हणाले, "आणि बाकीच्यांनी मेल्यावर पाहिलं. आणि शिक्षा झाली भाजीला."

"पेपर अच्छा है, भाऊ," सेक्रेटरी म्हणाले. "लेकिन कल दुसरा साप आला तर? गॅरंटी कोण देणार?"

"दुकानातल्या कुलपाची गॅरंटी तुम्ही लिहून देता का, भाई?" मी विचारलं.

हसण्यात त्यांची बायको सगळ्यात पुढे होती. ती म्हणाली की बाजारातली घोसाळी कडू निघतायत, आता हे लवकर मिटवा.

पण मिटवलं काकीनेच. ती चटईवरून उठली नाही, बसूनच बोलली. "शेंडं घालनार न्हाय. ओला फडका टाकीन. गेटवर टोपली गोणपाटावर उलटी करीन, मग भरीन. भाजीला वास आला तर मना बोलायचा न्हाय." मग तिने सेक्रेटरींकडे बघितलं. "पन माझा बी एक हाय. साप दिसला तर आदी डोळा बगायचा. मग काय ते करा."

"लांबून," सेक्रेटरी म्हणाले.

"लांबूनच. जवळ कोन बोलावतो तुमाला?"

आपली जन्मभराची पद्धत तिने तिथे सोडली, आणि त्याबदल्यात आमची सोडायला लावली. मला तो सौदा अगदी बरोबरीचा वाटला, आजही वाटतो. दुसऱ्या सकाळी पाटी पुसलेली होती आणि काकी ओल्या फडक्याला नावं ठेवत गेटवर बसली होती.

त्या सौद्याची परीक्षा पाऊस संपता संपता झाली. दुपारी वरच्या मजल्यावरून सेक्रेटरींचा आवाज आला. "बेटा, ऊपर आओ. काठी मत लाना." त्यांच्या गॅलरीच्या ग्रिलवर मनीप्लांट चढवलेला होता आणि त्यातली एक वेल जरा जास्तच सरळ होती. सेक्रेटरी बंद काचेच्या आत चष्मा लावून उभे होते, हातात आमचं पिवळं पत्रक. दाराशी वॉचमन, रिकाम्या हाताने.

"आडी है," ते कुजबुजले. "बकरी जैसी."

मी बघितलं. आडवीच होती. आम्ही गॅलरीचं दार लावून घेतलं आणि त्यांच्या बायकोने चहा टाकला. चहा संपेपर्यंत साप ग्रिलवरून बाहेरच्या बदामाच्या झाडावर गेला होता. सेक्रेटरी खाली उतरले ते थेट काकीकडे, घोसाळी घ्यायला, आणि ती भाव कमी करायला तयार झाली नाही.

दिराने त्याच्या वाट्याची वाडी पुढे बिल्डरला दिलीच. तिथे आता इमारतीचे खांब उभे आहेत. काकीचा वाटा मात्र आहे. मांडव आहे, मेंदीचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणात कोण राहतं हे तिला माहीत असतं. टॉवेल ती आता घाम पुसायला वापरते.

बाबांच्या नियमाने आता तुमचं काम. साप दिसेल तेव्हा काठी खाली ठेवा, चार पावलं मागे या आणि त्याचा डोळा, नाक, डोक्याचा आकार लांबूनच बघून ठेवा. नीट दिसलं नाही तर नाव देऊ नका. कुणाला चावला असेल तर ओळख पटायची वाट न बघता, मंत्रवाल्याकडे न जाता सरळ दवाखाना गाठा, आणि जे पाहिलं तेवढंच डॉक्टरांना सांगा. आणि आज खाली उतराल तेव्हा तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनजवळ दोन मिनिटं थांबा आणि त्याला एवढं सांगा: डोकं ठेचू नकोस, आधी डोळा बघ.